जेरोमची सायकल आणि नीटनेटकी दरी

जेरोम के. जेरोम या इंग्रज विनोदकाराचें नांव निघालें कीं आपल्याकडील इंग्रजी वाचणाऱ्या मंडळींना प्रथम होडी आठवते. टेम्स नदी, तीन मित्र, एक कुत्रा आणि अननसाचा डबा फोडतांना त्या मित्रांची उडालेली त्रेधा, हें सारें १८८९ सालच्या त्या पुस्तकानें कित्येक घरांत जवळजवळ कौटुंबिक आठवणीसारखें करून ठेवलें आहे. त्याच तीन मित्रांना अकरा वर्षांनीं, म्हणजे १९०० सालीं, जेरोमनें सायकलीवर बसविलें आणि जर्मनींतील ‘काळ्या अरण्यां’त नेलें, ही गोष्ट मात्र थोड्यांना माहीत असते. ज्यांना माहीत असते तेहि बहुधा ‘पहिल्याची सर दुसऱ्याला नाहीं’ एवढें बोलून पुस्तक मिटतात. ‘थ्री मेन ऑन द बमेल’ या पुस्तकाविषयींचा हा अभिप्राय इतका रूढ झाला आहे कीं तो पुन्हा तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाहीं.

अभिप्राय सर्वस्वीं खोटा आहे असें नव्हे. होडीच्या प्रवासाला नदीनें आयतेंच कथानक पुरविलें होतें. नदी एका दिशेनें वाहते, तिच्यावर बंधारे येतात, मुक्काम येतात, पाऊस येतो. लेखकानें कितीहि विषयांतर केलें तरी पाणी त्याला पुन्हा मूळ गोष्टीवर आणून सोडतें. सायकलीला असा सांभाळणारा कोणी नाहीं. शिवाय हे गृहस्थ हॅम्बुर्ग, हॅनोव्हर, बर्लिन, ड्रेस्डेन, प्राग अशीं शहरें पाहत पाहत अरण्याच्या तोंडाशीं येऊन पोंचतात, तेव्हां निम्म्याहून अधिक पुस्तक संपून गेलेलें असतें. रचनेचा हा दोष मोठा आहे व तो झांकण्यांत अर्थ नाहीं. परंतु होडीच्या पुस्तकांत नसलेली एक गोष्ट या पुस्तकांत आहे. तेथें नदी ही मौजेची तयार जागा होती. येथें अरण्य आणि दरी यांना मौजेसाठीं कोणीतरी तयार करीत आहे, हें लेखकाला दिसलें आहे. मोटारींना मज्जाव असलेल्या, नदीकांठच्या व झाडींतल्या सायकलवाटांचें जें मोठें जाळें आज युरोपांत पसरलें आहे, त्यामागील वृत्तीचें एक जुनें आणि मार्मिक चित्र मला या पुस्तकांत सांपडतें. तें टवाळीच्या रूपानें आलें आहे, म्हणून त्याचें मोल कमी होत नाहीं.

सायकलीविषयींचा विनोद आधीं पाहूं, कारण तो सर्वांत प्रसिद्ध आहे. माझ्या मतें तो सर्वांत कमी महत्त्वाचाहि आहे. दुसऱ्याची धडधाकट सायकल ‘दुरुस्त’ करावयास बसलेला तो उत्साही मित्र, वाटेवर घरंगळत गेलेले बेअरिंगचे छर्रे आणि ते वेंचण्यासाठीं रांगणारे दोघे: ज्यानें एकदां तरी आपली सायकल अंगणांत उघडली आहे त्याला या प्रसंगावर भाष्य नको. दोघांनीं मिळून चालवावयाच्या लांब सायकलीवर पुढच्याला वाटतें मागचा नुसता बसून आहे, आणि मागच्याला वाटतें पुढचा केवळ धापा टाकण्याचें काम करतो. ही गंमतहि त्याच जातीची. यांत एक जागा मात्र निराळी आहे. सायकलींच्या जाहिरातींतल्या चित्रांत स्वाराला कधीं चढ लागत नाहीं, त्याला घाम येत नाहीं, पायडल मारण्याचे कष्ट तर त्याला ठाऊकच नसतात; तो नुसता बसतो आणि गाडी आपोआप जाते. या चित्रांची जेरोमनें जी खोड मोडली आहे, तींत हंसण्याचा विषय सायकल हा नसून श्रम लपविणारें चित्र हा आहे. पुढें जें म्हणावयाचें आहे त्याच्याशीं या जागेचा जवळचा संबंध येतो.

पांचव्या प्रकरणांत जेरोम वाचकाला बजावून सांगतो कीं या पुस्तकांत उपयुक्त माहिती मिळावयाची नाहीं आणि सृष्टिवर्णनहि मिळावयाचें नाहीं. हें नुसतें थट्टेचें सोंग म्हणून सोडून देऊं नये. त्या काळच्या प्रवासवर्णनांत सूर्यास्त आणि धबधबे यांची एवढी दाटी झाली होती कीं प्रवास करणारा माणूस त्यांच्याखालीं गुदमरून जात असे. (आपल्या मासिकांतील प्रवासवर्णनांना ही बाधा कधींच झाली नाहीं असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं.) पण नेम केला तो जेरोमनें एके ठिकाणीं मोडला, आणि माझ्या दृष्टीनें तेंच सगळ्या पुस्तकाचें मर्मस्थान आहे.

ड्रेस्डेनच्या परिसरांत एल्ब नदीकडे उतरणारी एक अरुंद दरी त्याला सांपडते. वळणावळणाच्या वाटेच्या कडेनें एक ओढा खडकांवरून फेंसाळत चालला आहे, दोहों बाजूंना दाट झाडी आहे. तो मोहून जाऊन त्या ओढ्याच्या संगतीनें चालूं लागतो आणि एका वळणावर त्याला ऐंशी-शंभर मजूर दिसतात. ते ती दरी आवरीत आहेत! पाण्याच्या वाटेंतले दगड वेंचून गाड्यांत भरले जात आहेत. कांठ विटांनीं बांधून वर सिमेंट चालू आहे. लोंबणाऱ्या वेली आणि झुडपें यांची छाटणी होत आहे. थोडें पुढें गेल्यावर पुरें झालेलें काम लागतें. पाणी आतां सपाट वाळूवरून दोन भिंतींच्या मधून संथपणें जातें, ठराविक अंतरावर लांकडी पायऱ्या उतरतें, आणि कांठावर सारख्या अंतरानें लावलेलीं पॉप्लरचीं रोपें आपापल्या कुडाच्या जाळींत उभीं आहेत. लवकरच येथें पन्नास यार्डांवर बांक, शंभर यार्डांवर पोलिसांची पाटी आणि अर्ध्या मैलावर उपाहारगृह होईल, असें जेरोम सांगतो. पाठोपाठ तो काळ्या अरण्यांतील वेरा नदीच्या दरीचें नांव घेतो. एके काळीं अत्यंत रानटी आणि सुंदर असलेल्या त्या दरींत शेंकडों इटालियन मजूर तळ देऊन पडले आहेत, सुरुंग लावीत आहेत आणि त्या अवखळ नदीला शहाण्यासारखें चालावयास शिकवीत आहेत.

उतारा विनोदी आहे यांत शंका नाहीं. अतिशयोक्ति कोठें सुरू झाली हें वाचकाला कळूं न देण्याची जेरोमची हातोटी येथें पूर्ण साधली आहे. पण विनोद बाजूला ठेवून पाहिलें तर दोन गोष्टी उरतात. पहिली ही कीं, आज ज्याला आपण ‘निसर्गाच्या सान्निध्यांतील निवांत वाट’ म्हणतों, तिची जवळजवळ संपूर्ण सामग्री या वर्णनांत आलेली आहे: सपाट केलेला मार्ग, बेताचा उतार, बसावयास जागा, सूचनेची पाटी, खाण्याची सोय. जेरोमला जी हास्यास्पद वाटली, तीच दरी आज सायकल घेऊन निघणाऱ्या कुटुंबाला, लहान मुलांना आणि साठी उलटलेल्या माणसांना हवी असते, आणि त्यांना ती हवी असण्यांत मला कांहींहि हास्यास्पद दिसत नाहीं. रानटी दरी ज्याला परवडते तो तरुण असतो, धडधाकट असतो, आणि बहुधा सुटीवर आलेला असतो. या बाबतींत जेरोमचें हंसूं काहींसें उर्मट आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ते इटालियन मजूर! आल्प्स ओलांडून पोटासाठीं आलेली, परक्या देशांत तंबू ठोकून राहिलेली शेंकडों माणसें जेरोमच्या डोळ्यांपुढें आहेत. तीं त्यानें पाहिलीं, त्यांची नोंदहि केली. पण तो त्यांच्याकडे एकदांहि वळत नाहीं. जाहिरातींतल्या चित्रानें स्वाराचे श्रम लपविले म्हणून ज्यानें त्याची टर उडविली, तोच लेखक दरीचें चित्र काढतांना मजुरांना दगडगोट्यांच्या रांगेला बसवितो. त्यांचा उपयोग विनोदाला संख्या पुरविण्यापुरता. उत्तम विनोदकाराच्या दृष्टीलाहि एक कड असते आणि ती कोठें येते हें पाहणें टीकाकाराचें काम आहे. जेरोमच्या बाबतींत ती कड मला वेराच्या दरींत दिसते.

या उताऱ्याचा उत्तरार्ध जेरोमच्या पश्चात् जर्मनीनेंच लिहिला. सरळ केलेल्या नदींतून पुराचें पाणी अधिक वेगानें खालच्या गांवांवर जातें आणि पात्रांतील जीवसृष्टीहि नाहींशी होते, हें अनुभवानें कळल्यावर बांधलेले कांठ फोडण्याचीं कामें निघालीं. म्यूनिक शहरांतून जाणाऱ्या इझार नदीचा सुमारें ८ किलोमीटरांचा पट्टा २००० ते २०११ या काळांत अशा रीतीनें पुन्हा मोकळा करण्यांत आला. भिंतींच्या जागीं उतार आले, पात्रांत खडी आणि दगड परत आले. ज्यांचे आजे दगड वेंचीत होते त्यांचे नातू दगड मांडीत आहेत, आणि तेहि आराखडा पुढ्यांत ठेवून. जेरोम असता तर या नीटनेटक्या अव्यवस्थेवर त्यानें आणखी एक प्रकरण खर्ची घातलें असतें.

आतां रस्त्याकडे वळूं. जेरोमच्या पुस्तकांत मोटारींचा त्रास नाहीं, आणि याचें कारण जर्मन नीटनेटकेपणा हें नव्हे. हा सगळा प्रदेशच मोठा विलक्षण आहे. दुचाकीचा मूळपुरुष कार्ल ड्राइस हा बाडेन संस्थानांतील वनाधिकारी. पायांनीं रेटावयाची आपली लांकडी दुचाकी त्यानें १८१७ सालीं मॅनहाइम येथें रस्त्यावर आणली. त्याच मॅनहाइमहून १८८८ च्या ऑगस्टांत बेर्टा बेन्झ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्यानें तयार केलेल्या मोटारींतून, काळ्या अरण्याच्या उत्तर वेशीवरील फोर्झहाइमला जाऊन पोंचली. म्हणजे जेरोम तेथें सायकल चालवीत होता तेव्हां मोटार जन्मलेली होती, परंतु रस्त्यांवर तिचें राज्य यावयाचें होतें. दुसरीकडे, लांबचे प्रवासी आणि माल आगगाडीनें ओढून घेतल्यामुळें घोडागाड्यांचे मोठे रस्ते ओस पडले होते. आगगाडीनें रस्ता रिकामा केला आणि मोटारीनें तो भरला. या दोहोंच्या मधल्या थोड्या वर्षांत सायकलीला जें मोकळें रान मिळालें, त्यांतून सायकलीवरचें उत्तम इंग्रजी लेखन निघालें.

या लेखनांत मला जेरोमपेक्षां एच. जी. वेल्सची ‘द व्हील्स ऑफ चान्स’ ही छोटी कादंबरी श्रेष्ठ वाटते. ती १८९६ सालीं प्रसिद्ध झाली, आणि योगायोग असा कीं त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत इंग्लंडांत नवा कायदा अमलांत येऊन यंत्रानें चालणाऱ्या हलक्या गाड्यांपुढें माणूस चालविण्याची जुनी अट गेली व वेगाची मर्यादा ताशीं ४ मैलांवरून १४ मैलांवर चढली. वेल्सचा नायक हूपड्रायव्हर हा कापडाच्या दुकानांतला नोकर. दिवसभर गिऱ्हाइकांपुढें उभें राहून ताग्यांच्या घड्या उलगडावयाच्या आणि पुन्हा घालावयाच्या, हें त्याचें आयुष्य. दहा दिवसांची सुटी मिळतांच तो सायकल घेऊन दक्षिणेकडे निघतो. वाटेंत एक सुशिक्षित तरुणी भेटते, तिच्यापुढें आपण दक्षिण आफ्रिकेहून आलों अशी बतावणी तो करतो, आणि अखेर आपण दुकानांतले नोकर आहों हें कबूल करतो. प्रवास न्यू फॉरेस्टच्या झाडींत येऊन संपतो व हूपड्रायव्हर पुन्हा दुकानाच्या फळीमागें जातो. वेल्स स्वतः तरुणपणीं कापडाच्या दुकानांत उमेदवारी करून चुकलेला होता. म्हणूनच त्याच्या पुस्तकांत रस्त्याचा मोकळेपणा नुसता डोळ्यांना गोड लागत नाहीं. ओसाड रस्त्यावर आपली पायरी विचारणारा कोणी नसतो, ही त्या मोकळेपणाची खरी किंमत वाचकाला कळते. कादंबरींत सूर्योदय आहेत, हिरवीं रानें आहेत. पण प्रत्येक सूर्योदयाबरोबर सुटीचा एक दिवस कमी होतो आहे, हें वेल्स आपणांस विसरूं देत नाहीं. जेरोमला मजूर दिसले आणि तो हंसला; वेल्सनें मजुरालाच सायकलीवर बसविलें.

तो मधला काळ संपला आणि रस्ते मोटारींचे झाले. आज युरोपांतील सायकलस्वार ज्या निवांत वाटांनीं जातो, त्यांतल्या पुष्कळशा पूर्वी दुसऱ्याच कामाच्या होत्या. डॅन्यूब नदीच्या कांठची पासाउपासून व्हिएन्नापर्यंतची तीनशेंहून अधिक किलोमीटरांची प्रसिद्ध सायकलवाट बऱ्याच ठिकाणीं त्या जुन्या पायवाटेवरून जाते, जिच्यावरून घोडे दोर लावून होड्या प्रवाहाविरुद्ध ओढीत असत. इंग्लंडांत डर्बीशरमध्यें वाय नदीच्या दरींतून १८६३ सालीं आगगाडी सुरू झाली, तेव्हां रस्किनसारख्या सौंदर्यशास्त्रज्ञानें त्या दरीचा सत्यानाश झाला म्हणून टाहो फोडला. १९६८ सालीं ती गाडी बंद पडली. १९८१ सालीं रुळांच्या जागीं पायीं जाणारांची आणि सायकलींची वाट झाली, व २०११ सालीं तिच्यावरचे लांब बोगदेहि खुले झाले. ज्या उंच पुलामुळें दरी विद्रूप झाली असें रस्किनला वाटलें, तोच आतां संरक्षित वास्तु म्हणून जपला जातो आणि लोक त्याचीं चित्रें काढतात. रस्किन चुकला असें मी म्हणत नाहीं. त्याला दिसलेली जखम खरी होती. आपण पाहतों तो तिचा वण, आणि वणाला शंभर वर्षांनीं शोभा येते.

घोडे हांकणारे, होड्यांवरचे नावाडी, बोगद्यांत सुरुंग लावणारे, सिग्नलच्या चौकींतला रात्रपाळीचा माणूस: या वाटांचा निवांतपणा या सर्वांच्या निघून जाण्यानें तयार झाला आहे. माझी तक्रार आजच्या सायकल-प्रवासवर्णनांविषयीं आहे ती येथें. इंग्रजींत आणि अलीकडे मराठींतहि अशीं वर्णनें विपुल येतात. छायाचित्रें सुंदर असतात, अंतरांचे व चढउतारांचे आंकडे बिनचूक असतात. पण वाचून पुस्तक मिटल्यावर मनांत राहतो तो एक हिरवा बोगदा, आणि त्यांत लेखकाखेरीज माणूस म्हणून नाहीं. ‘वाटेंत कोणी भेटलें नाहीं’ हें वाक्य अशा पुस्तकांत फार कौतुकानें येतें. कोणी कां भेटलें नाहीं, हा प्रश्न लेखकाच्या मनास शिवत नाहीं. जेरोमनें तो प्रश्न अर्धवट टाकला. या मंडळींनीं तो विचारलाच नाहीं, आणि जेरोमचा विनोदहि त्यांच्यापाशीं नाहीं.

आपल्याकडे हा प्रश्न विचारावयाला फार लांब जावें लागत नाहीं. माथेरानच्या झाडींत मोटार फिरत नाहीं म्हणून आपण त्या शांततेचें गुणगान करतों. त्या लाल मातीच्या वाटांवर अनेक दशकें माणसें माणसांना रिक्षांत बसवून चढावर ओढीत होतीं. सर्वोच्च न्यायालयाला २०२५ सालीं ती प्रथा बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. मोटार नाहीं तेथें तिचें काम कोणाच्या तरी खांद्यावर पडतें, आणि माथेरानवर आजवर लिहिल्या गेलेल्या ललित लेखांत त्या खांद्यांना मिळालेली जागा मोजकीच असावी.

उलट्या बाजूचें उदाहरण म्हणून डर्व्हला मर्फी या आयरिश बाईचें ‘फुल टिल्ट’ हें १९६५ सालचें पुस्तक सांगतां येईल. १९६३ सालीं ती आयर्लंडहून सायकलीनें निघून दिल्लीस आली. बाबूसर घाटांत बर्फांतून तिला सायकल ओढीत आणि उचलीत न्यावी लागली. तेथें वाहन नव्हतें, कारण बर्फाखालीं वाट म्हणून कांहीं उरलेंच नव्हतें. या पुस्तकाची भाषा जेरोमसारखी घोटलेली नाहीं, आणि कित्येक पानें नुसती रोजनिशी आहेत. पण ज्यांनीं तिला रात्रीं थारा दिला, भाकर दिली, तीं माणसें पानोपानीं आहेत.

जेरोमविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. शेवटच्या प्रकरणांत तो म्हणतो कीं जर्मन माणूस आज्ञाधारक आहे आणि सुदैवानें त्याचें राज्य चांगलें चाललें आहे. राज्ययंत्रांत बिघाड झाला कीं मात्र त्याचे हाल सुरू होतील. १९१४ नंतर, आणि १९३३ नंतर तर विशेषच, या वाक्यांना भविष्यवाणी म्हणण्याचा प्रघात पडला. मला त्यांत भविष्य कमी आणि निरीक्षण अधिक दिसतें. ज्यानें ओढ्याच्या कांठीं शंभर यार्डांवर पोलिसांची पाटी येणार हें पाहिलें, त्याला शेवटच्या प्रकरणासाठीं निराळी दिव्यदृष्टि लागली नाहीं. गंमत अशी कीं हें पुस्तक खुद्द जर्मनींत शाळांतून इंग्रजीच्या अभ्यासासाठीं लावलें गेलें. आपली थट्टा पाठ करून परीक्षा देण्यास लागणारा नीटनेटकेपणा त्या मुलांपाशीं निःसंशय होता.

होडीच्या पुस्तकाची सर या पुस्तकाला नाहीं असें म्हणणारांनीं तें एकदां उलट्या क्रमानें वाचून पाहावें: आधीं शेवटचें प्रकरण, मग काळ्या अरण्याचीं प्रकरणें, मग ड्रेस्डेनची दरी, आणि वेळ उरल्यास सुरवातीच्या प्रकरणांतील सायकलदुरुस्ती. ज्यांना एकच पुस्तक वाचावयास सवड आहे त्यांनीं जेरोम बाजूस ठेवून वेल्स वाचावा.